लहानपणी जे शिकवलं, तेवढंच आपण वाचवतो

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग आहे. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत, आणि मधे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये. बाकी सगळं तसंच आहे.)



आजचा विषय अगदी घरातला आहे. आजी नळ जरा मोठा सोडला की ओरडते, पण निर्माल्य मात्र पिशवीत बांधून नदीत सोडायला सांगते. बाबा दर पावसाळ्यात न चुकता झाड लावतात, आणि हिवाळ्यात त्याच झाडाचा पालापाचोळा गोळा करून पेटवून देतात. आपण बांबूचा टूथब्रश वापरतो आणि दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या ॲपवरून कोथिंबिरीची एक जुडी मागवतो. आणि घरातलं सात-आठ वर्षांचं पोर सगळ्यांना दटावत असतं, ‘अगं, ते सुक्या कचऱ्यात नाही टाकायचं!’

या घरातल्या प्रत्येकाला वाटतं की बाकीचे तिघं ढोंगी आहेत. आजीला वाटतं आजकालची पोरं नुसती बोलतात. आपल्याला वाटतं म्हाताऱ्यांना काही कळत नाही.

मला असं वाटतं की यातलं कुणीच ढोंगी नाही. प्रत्येकजण लहानपणी शिकलेला धडा अगदी प्रामाणिकपणे गिरवतोय. फक्त प्रत्येकाचा धडा वेगळा होता. ‘पर्यावरण’ म्हणजे काय, हे ज्या वयात डोक्यात बसतं, त्या वयात जेवढं शिकवलं गेलं तेवढंच आपण मोठेपणी वाचवायला जातो. त्याच्या बाहेरचं आपल्याला दिसतच नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही डिफॉल्ट सेटिंग आहे. बदलता येते, पण त्यासाठी आधी ती आहे हे तरी कळायला पाहिजे.

चला, एकेका पिढीची सेटिंग उघडून बघू.

आजीची शाळा: टंचाई आणि धाक

माझी आजी, आईची आई, सांगोल्याकडची. आता आमच्याकडे पुण्यातच असते. तिच्या शाळेत पर्यावरण नावाचा विषय नव्हता. तो शब्दही तिने बऱ्याच उशिरा ऐकला. पण तिचं शिक्षण झालंच नाही असं नाही. ते विहिरीवर झालं. पाणी शेंदून डोक्यावरून आणलं की तांदूळ धुतलेलं पाणी फेकवत नाही, ते झाडाला जातं. जुनं लुगडं आधी गोधडीत जातं, मग पोतेऱ्यात. उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडं घ्यायचं. पुढे १९७२ चा दुष्काळ आला, आणि लहानपणी शिकलेलं सगळं पक्कं झालं. त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की खडी फोडायची कामं आणि तिथे मिळणारी सुकडी आठवते.

हा धडा पर्यावरणाचा नव्हता, काटकसरीचा होता. त्याच्या जोडीला दुसरा धडा धाकाचा. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात देवराया टिकल्या त्या याच धाकाने. देवाचं रान, तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लक्षात आलं की बाकीचं जंगल तुटलं तिथेही या तुकड्यांत जुनी, मोठी झाडं शिल्लक होती. वनखात्याचा पहारा नाही, पाटी नाही, दंडाची पावती नाही. फक्त लहानपणी ऐकलेलं एक वाक्य, ‘तिथे हात लावायचा नाही.’

पण या शिक्षणाची मर्यादाही इथेच आहे. ते ‘काय करायचं’ हे शिकवतं, ‘का’ हे शिकवत नाही. त्यामुळे वस्तू बदलली की धडा उलटतो. आजीच्या लहानपणी निर्माल्य म्हणजे फुलं, दूर्वा, बेलाची पानं. नदीत टाकलं तर कुजून जायचं. आज त्यात थर्माकोलचं मखर असतं, चमकीचा हार असतं, आणि वरून प्लास्टिकची पिशवी. मूर्ती शाडूची होती ती प्लास्टर ऑफ पॅरिसची झाली. आजीचं वागणं तेच राहिलं, हातातली वस्तू बदलली. एसटीच्या खिडकीतून केळीचं साल फेकणारी पिढी वेफर्सचं पाकीटही त्याच सहजतेने फेकते, त्याचं कारणही हेच.

देवरायांचंही तसंच. नियम देवासाठी होता, झाडांसाठी नव्हता. त्यामुळे काही गावांत देवळाचा जीर्णोद्धार करायला पैसे हवेत म्हणून त्याच देवराईतली झाडं विकली गेली. देव खूश, सिमेंटचं देऊळ उभं, आणि राई गेली.

आई-बाबांची शाळा: वाघ आणि झाड

आपले आई-बाबा साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकात शाळेत होते. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी तिकडे गढवालमध्ये चिपको आंदोलन पेटलं. १९८४ मध्ये भोपाळ झालं, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा. महाराष्ट्रात १९८२ पासून सामाजिक वनीकरणाचं वेगळं काम सुरू झालं. वनमहोत्सव तर १९५० पासूनच होता.

शाळेत यातलं काय पोचलं? दोन गोष्टी. वाघ वाचवायचाय आणि झाडं लावायचीत. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ ही घोषणा भिंतीवर, एसटीवर, वहीच्या मागच्या पानावर. प्रभातफेरी, वृक्षदिंडी, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते एक रोप.

या धड्याने खूप काही दिलं. आपल्या गावाकडच्या रस्त्याकडेची, शाळेच्या आवारातली बरीच सावली त्या पिढीने लावलेली आहे. पण त्यातून डोक्यात एक समीकरण बसलं: हिरवं म्हणजे चांगलं, उघडं म्हणजे ओसाड. आणि तेव्हा लावली काय गेली? सुबाभूळ, निलगिरी, गिरीपुष्प. लवकर वाढणारी, बहुतेक बाहेरून आलेली झाडं. पुण्यातल्या टेकड्यांवर आज जो गिरीपुष्प दिसतो तो असाच लावलेला आहे.

माझ्या आजोळचा भाग माळरानाचा. पावसाळ्यात हिरवं, बाकीचे महिने पिवळं. माझ्या आईला आजही त्याकडे बघून वाटतं, ‘इथे झाडं लावायला हवी होती.’ पण माळरान हे तुटलेलं जंगल नसतं. ती गवताची स्वतंत्र दुनिया असते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. माळढोक उघड्यावर, जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर नजर जाईल असं मोकळं गवत लागतं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या तर त्याचं घरच जातं. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झालाय. शिकार, शेतीखाली गेलेले माळ, विजेच्या तारा अशी कारणं बरीच आहेत, पण माळाला ‘पडीक’ समजण्याची आपली सवय त्यांच्या मुळाशी आहे.

आणि ही सवय जुनी होऊन संपली असंही नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्रात ५० कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं होतं. तेव्हा सगळ्यांचं बोलणं आकड्यावर होतं. कुठे, कुठली, आणि तिथे आधी काय होतं, हे प्रश्न मागे पडले. निर्णय घेण्याच्या वयात कुठली पिढी होती बघा. तिने शाळेत शिकलेलंच मोठ्या प्रमाणावर केलं.

आपली शाळा: मार्कांचं पर्यावरण

आता आपण. आपल्याला हा विषय मिळाला त्यामागे एक कोर्टाची केस आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एम. सी. मेहता हे वकील सुप्रीम कोर्टात गेले, आणि २२ नोव्हेंबर १९९१ ला कोर्टाने काही आदेश दिले. सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणावरच्या स्लाइड्स फुकट दाखवायच्या. रेडिओ-दूरदर्शनने रोज थोडा वेळ द्यायचा. आणि शाळा-कॉलेजात पर्यावरण हा सक्तीचा विषय टप्प्याटप्प्याने आणायचा. बरीच वर्षं हे नीट झालं नाही, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा कान पिळले. त्याच सुमारास यूजीसीचा पदवीसाठीचा सक्तीचा कोर्स आला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी.

म्हणजे पर्यावरण विषय म्हणून सक्तीने शिकलेली आपली पहिली पिढी. कागदावर बघाल तर तो कोर्स छान होता. ५० तासांपैकी ५ तास बाहेर जायचं होतं. जवळची नदी, टेकडी, नाही तर गवताळ भाग बघायचा, प्रदूषित जागा बघायची, आजूबाजूची झाडं, किडे, पक्षी ओळखायचे. १०० पैकी २५ मार्क त्यालाच.

प्रत्यक्षात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. अकरावी-बारावीत पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हणजे आदल्या वर्षीच्या ताईची फाईल. माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये हा विषय नुसता पास व्हायचा होता, आणि फील्डवर्कचा रिपोर्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. वीस रुपये, स्पायरल बाइंडिंगचे वेगळे. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर ओढा होता. चार वर्षांत आम्हाला तिथे कुणी नेलं नाही.

त्यामुळे आपल्या पिढीकडे शब्द भरपूर आले. ओझोन, ग्रीनहाऊस, कार्बन फूटप्रिंट, जैवविविधता. ध्रुवीय अस्वलाचं काय चाललंय हे आपल्याला माहीत. खिडकीबाहेरचं झाड कुठलं, ते मात्र ॲपला विचारावं लागतं.

आणि शब्दांबरोबर चिंता आली. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये एक मोठा सर्व्हे आला होता. भारतासह १० देशांतले १६ ते २५ वयाचे १० हजार तरुण. त्यातल्या ५९ टक्क्यांनी सांगितलं की हवामान बदलाची त्यांना खूप किंवा प्रचंड काळजी वाटते. म्हणजे आपलीच पिढी. आपल्याला जगाचा प्रश्न माहीत आहे आणि गल्लीतलं काहीच हातात नाही. मग ती काळजी खरेदीत उतरते. कापडी पिशवी, स्टीलची स्ट्रॉ, बांबूचा ब्रश. यात वाईट काही नाही. पण हे सगळं एकट्याने, दुकानात जाऊन करायचं पर्यावरण आहे.

एक उंबर आणि एक मीटिंग

हे चारही धडे एकाच खोलीत भेटले तर काय होतं, ते मला या वर्षी बघायला मिळालं.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक उंबर आहे. जुना, बिल्डिंगच्या आधीचा. उंबराला फळं लागतात ती खोडावर आणि फांद्यांवर, घोसांनी. ती पिकून खाली गाड्यांवर पडतात, रात्री वटवाघळं येतात, सकाळी बॉनेटवर सगळा चिकट राडा. तर मीटिंगमध्ये विषय आला की झाड काढून टाकण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करायचा. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. म्हणून अर्ज.

आजीच्या वयाची मंडळी लगेच म्हणाली, ‘औदुंबर आहे तो, दत्ताचं झाड. हात लावायचा नाही.’ विषय संपला. पण मला तेव्हा वाटलं, तिथे उंबराऐवजी शिरीष असता, तर हीच मंडळी गप्प बसली असती.

बाबांच्या वयाचे काका म्हणाले, ‘एक तोडू, त्याबदल्यात पाच लावू. कंपाउंडला अशोकाची रांग करू, मस्त दिसेल.’ त्यांच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. पाच हे एकापेक्षा जास्त.

आमच्या वयाच्या कुणीतरी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून सांगितलं की एक मोठं झाड वर्षाला किती कार्बन शोषतं, आणि ग्रुपवर पोल टाकला. पोलवर हिरवे हार्ट आले. मीटिंगला मात्र आमच्या वयाचे तिघंच होते.

माझा भाचा तिसरीत आहे. त्याच्या बाईंनी वर्गाला एक महिनाभर एकच झाड बघायला सांगितलं होतं. रोज पाच मिनिटं, आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. त्याने हाच उंबर घेतला, कारण शाळेची व्हॅन तिथेच थांबते. संध्याकाळी आजी त्याच्याबरोबर कट्ट्यावर बसायची. त्याच्या वहीत होतं: तांबट, कोकीळ, बुलबुल, खार, मुंगळे, ‘फळ फोडलं तर आत बारीक माश्या’, आणि ‘रात्री वटवाघूळ, मोठ्या आजीने दाखवलं’. त्या माश्यांबद्दल आजीला लहानपणापासून माहीत होतं, उंबर फोडून, फुंकर मारूनच खायचा. त्या माश्यांशिवाय उंबराचं बीज धरत नाही, हे भाच्याला बाईंनी सांगितलं.

त्या वहीच्या पानाचा फोटो आमच्या सेक्रेटरी काकूंनी ग्रुपवर टाकला. आणि चर्चा थोडी बदलली. तोपर्यंत ‘झाड’ तोडायचं की नाही यावर बोलणं चाललं होतं. त्यानंतर ‘हा उंबर’ तोडायचा की नाही, यावर सुरू झालं. पाच अशोकांवर तांबट येणार का, असं एका काकांनीच विचारलं. शेवटी ठरलं की परवानगी घेऊन पार्किंगवरच्या दोन फांद्या तेवढ्या कमी करायच्या, आणि पूर्ण झाडाचा विषय पुढच्या वार्षिक सभेत घ्यायचा. म्हणजे उंबर वाचला असं अजून म्हणता येत नाही. सभा दिवाळीनंतर आहे.

मुलं खरंच मोठ्यांना शिकवतात का?

‘मुलांना शिकवा, ती घरी जाऊन आई-बापाला शिकवतील’ हे वाक्य आपण खूप ऐकतो. हे नुसतं भाषणातलं वाक्य आहे, की खरंच असं होतं?

सेशेल्स नावाचा हिंदी महासागरातला छोटा देश आहे. तिथल्या शाळांमध्ये वन्यजीव क्लब आहेत. काही संशोधकांनी तपासलं की क्लबमध्ये पाणथळ जागांविषयी शिकलेल्या मुलांच्या घरी काय फरक पडतो. २०१३ मध्ये निकाल आला. त्या मुलांच्या पालकांना पाणथळ जागांची माहिती इतरांपेक्षा जास्त होती, आणि घरात पाणी वापरण्याच्या सवयीही त्यांनी जास्त चांगल्या सांगितल्या. पालकांना कुणी वर्गात बसवलं नव्हतं.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा, २०१९ चा. तिथे हवामान बदल हा राजकीय वादाचा विषय आहे, म्हणजे जेवणाच्या टेबलावर काढला की भांडण. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हवामान बदल शिकवला, तोही आपल्या भागातली उदाहरणं घेऊन. आणि मुलांनी घरच्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची होती. परिणाम असा की पालकांची काळजी वाढली, आणि सगळ्यात जास्त वाढली ती आधी ज्यांना हे पटत नव्हतं त्यांची. वडिलांवर परिणाम जास्त, आणि मुलांपेक्षा मुलींनी शिकवलेलं जास्त पोचलं.

याचं कारण मला पटण्यासारखं वाटतं. बाहेरचा माणूस सांगायला आला की आपण आधी त्याचा पक्ष बघतो. आपल्या पोरीचा काय पक्ष असणार?

मोठेपणी काय टिकतं?

पण मुलांनी मोठं झाल्यावर हे टिकतं का? लुईस चावला नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी केंटकी आणि नॉर्वे इथल्या ५६ पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारलं, तुम्ही या कामात कसे आलात? १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सगळ्यात जास्त उत्तरं दोन आली: लहानपणीची एखादी मोकळी जागा, आणि घरातलं एखादं माणूस. शाळा, शिक्षक, संस्था यांचीही नावं आली, पण ही दोन वर होती.

२००६ मध्ये नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीस यांनी अमेरिकेतल्या शहरांमधल्या साधारण २००० लोकांकडे बघितलं. लहानपणी रानात भटकणं, मासे पकडणं असलं काही केलेल्यांमध्ये मोठेपणी पर्यावरणाची आस्था आणि कृती दोन्ही जास्त दिसल्या. फुलं तोडणं, रोपं लावणं यानेही आस्थेत फरक पडत होता, कृतीत मात्र कमी. हे संशोधन आठवणींवर उभं आहे, त्यामुळे यालाच एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण दिशा कळते.

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण सालिम अलींचं. लहानपणी मुंबईत छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. त्यांनी मामांना विचारलं, अमिरुद्दीन तय्यबजींना. मामांनी ‘शी, कशाला मारलीस’ म्हणून विषय संपवला नाही, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी त्या पोराला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. बघा, एक खरी वस्तू हातात होती, आणि प्रश्न गंभीरपणे घेणारी दोन मोठी माणसं होती. कोर्टाचा आदेश नव्हता आणि मार्कही नव्हते.

कालचा लॉग कुणाकडे आहे?

शेवटचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आमच्या कामात सर्व्हर हळू झालाय अशी तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, ‘आधी किती वेगाने चालायचा?’ जुना लॉग नसेल तर उत्तर देता येत नाही. आजचा वेग हाच नॉर्मल वाटतो.

निसर्गाचंही असंच होतं. डॅनियल पॉली या मत्स्य-अभ्यासकाने १९९५ मध्ये लिहिलं की प्रत्येक पिढीचा शास्त्रज्ञ आपल्या तरुणपणी समुद्रात जेवढे मासे होते त्यालाच मूळ पातळी धरतो. पुढच्या पिढीची पातळी त्याहून खाली. असं करत करत सगळं संपत जातं आणि कुणालाच मोठं काही गेल्यासारखं वाटत नाही. पीटर कान या मानसशास्त्रज्ञाला ह्यूस्टनच्या मुलांमध्ये असंच काहीसं दिसलं. प्रदूषण म्हणजे काय हे बऱ्याच मुलांना माहीत होतं, पण आपलं शहर प्रदूषित आहे असं म्हणणारी मुलं त्यापेक्षा खूपच कमी. जन्मापासून तीच हवा, मग ती खराब कशी वाटणार?

माझ्या भाच्यासाठी मुठा म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायची जागा. त्याला ते विचित्र वाटत नाही, कारण त्याने दुसरी मुठा पाहिलेलीच नाही. मीही नाही. जुनी नदी ज्यांनी पाहिली, त्यात पोहले, अशी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे लॉग आहे, पण त्यांना कुणी विचारत नाही. शब्द आणि साधनं आपल्याकडे आहेत, पण आठवण नाही. आणि घरातल्या मोठ्यांचं मन वळवायची ताकद मुलांकडे आहे, पण तिसरीतल्या मुलाला सभेत मत नसतं.

म्हणून पर्यावरण शिक्षण म्हणजे फक्त मुलांना शिकवणं, हे मला अपुरं वाटतं. प्रत्येक पिढीकडे एकेक तुकडा आहे, आणि ते तुकडे एका जागी आणायचं काम मधल्या वयाच्या माणसांचं आहे. म्हणजे आपलं. आपल्यातल्या कितीतरी जणांची येत्या काही वर्षांत लग्नं होतील, पोरं होतील, नाही तर आपण मावशी-काका तरी आहोतच. पुढची डिफॉल्ट सेटिंग आपणच भरणार आहोत.

काय करायचं, तर फार काही नाही. या रविवारी फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारा. तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? तेव्हा रोज दिसायचा आणि आता दिसत नाही असा पक्षी, मासा, झाड कुठलं? आणि कुठल्या जागेला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं? जवळपास लहान मूल असेल तर त्यालाच विचारायला लावा. आजी-आजोबा नातवाला जे सांगतात ते आपल्याला सांगत नाहीत, हा माझा अनुभव आहे. मग त्या मुलाला घेऊन घराजवळची एकच जागा निवडा. ओढा, माळ, तळं, पार्किंगमधलं झाड, काहीही. महिनाभर बघा, तारीख घालून लिहून ठेवा.

मी आमच्या उंबराचं असंच करतेय. भाच्याच्या वहीची आता दुसरी वही झालीये, आणि त्यात आजीच्या आठवणींची पानं वेगळी आहेत. वार्षिक सभेला आमच्या वयाचे तिघांऐवजी निदान दहा जण यावेत म्हणून दारोदार फिरणं चालू आहे. काय ठरतं ते दिवाळीनंतरच्या एपिसोडमध्ये सांगेन.

तोपर्यंत तुमच्या आजीचं रेकॉर्डिंग जमलं तर मला व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव आणि साधारण साल तेवढं सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!